स्कूटर उघडणारे हात : घरगुती दुरुस्तीचा विसरलेला इतिहास

१/
रविवारची सकाळ. वाड्याच्या अंगणात गोणपाट अंथरलेले. त्यावर दोन पाने, एक पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा चतकोर तुकडा आणि जुन्या बनियनचे फडके. शेजारी स्टँडवर चढवलेली स्कूटर, इंजिनावरचे झाकण उतरवलेली. तिच्यापुढे उकिडवा बसलेला गृहस्थ व्यवसायाने मेकॅनिक नसे. तो बँकेत कारकून असे, शाळेत मास्तर असे किंवा एखाद्या कचेरीत हिशेबनीस. १९७० आणि १९८० च्या दशकांत महाराष्ट्रातील शहरांत हे दृश्य इतके नित्याचे होते की त्याची नोंद ठेवावी असे कोणालाच वाटले नाही.

२/
आज स्कूटर तेव्हापेक्षा कितीतरी अधिक घरांत आहे. पण ती स्वतः उघडणारा माणूस क्वचितच आढळतो. ज्यांनी कधी यंत्रशाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्यांना इंजिन उघडण्याचे धाडस कोठून आले? आणि एका पिढीच्या अंगवळणी पडलेली ही विद्या पुढच्या पिढीपर्यंत का पोहोचली नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधताना तीन ठिकाणी जावे लागते : युद्धाने उद्ध्वस्त झालेले इटलीतील एक गाव, दिल्लीतील परवाना देणारी कार्यालये आणि पुण्याजवळचे आकुर्डी.

३/
इटलीच्या तोस्काना प्रांतात पोंतेदेरा नावाचे गाव आहे. तेथील पियाज्जो कंपनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी विमाने बांधत असे. युद्धात बॉम्बहल्ल्यांनी तिचा कारखाना मोडून पडला आणि युद्ध संपताच लढाऊ विमानांची मागणीही संपली. कामगार होते, कसब होते. पण बनवायचे काय? कंपनीचे प्रमुख एनरिको पियाज्जो यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी दुचाकी काढायचे ठरवले. पहिला नमुना तयार झाला. कामगारांनी त्याला ‘पापेरीनो’ हे टोपणनाव दिले. डोनाल्ड डकचे इटालियन नाव तेच. मालकांना तो नमुना पसंत पडला नाही.

४/
काम पुन्हा पहिल्यापासून करण्यासाठी कोर्रादिनो दास्कानियो यांच्याकडे आले. हे गृहस्थ विमानशास्त्राचे अभियंते. १९३० साली त्यांच्या हेलिकॉप्टरने रोमजवळ उंचीचे आणि हवेत टिकून राहण्याचे विक्रम केले होते. मोटरसायकल हे वाहन त्यांना मुळीच आवडत नसे. बसायला गैरसोयीचे, पंक्चर झाल्यास टायर बदलणे कष्टाचे आणि साखळीच्या तेलाने कपडे खराब होणार, या त्यांच्या तक्रारी होत्या. मोटरसायकलीविषयी आपुलकी नसलेल्या माणसाने दुचाकीचा विचार केला, म्हणूनच तो वेगळ्या वाटेने गेला.

५/
त्यांनी साखळीच काढून टाकली. इंजिन मागच्या चाकालगत बसवले आणि गिअरमधून शक्ती थेट चाकाला दिली. इंजिनावर पत्र्याचे झाकण आले, त्यामुळे तेल कपड्यांपर्यंत पोहोचेना. पाय ठेवायला पुढे सपाट जागा झाली. गिअर पायाकडून हाताकडे आला. पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरण्याऐवजी एकाच बाजूच्या दांड्यावर बसवले. ही कल्पना विमानाच्या चाकांच्या रचनेतून आली होती. २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्समध्ये या वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्याचे नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

६/
हे सारे बदल स्वाराच्या सोयीसाठी होते. त्यांतून आणखी एक गोष्ट साध्य झाली : यंत्र उघडणे सोपे झाले. एकाच बाजूने धरलेले चाक मोटारीच्या चाकाप्रमाणे नट सोडवून बाहेर काढता येते. पुढचे आणि मागचे चाक एकाच मापाचे, म्हणून एक जादा चाक दोन्ही ठिकाणी चालते. रिम दोन भागांत जोडलेली. नट काढले की ती फाकते आणि ट्यूब हातात येते. इंजिन सांगाड्याला एका लांब बोल्टने आणि मागच्या शॉकॲबसॉर्बरने जोडलेले असते. हे दोन सांधे, काही वायरी आणि पेट्रोलची नळी सोडवली की संपूर्ण इंजिन खाली उतरते.

७/
इंजिनही टू-स्ट्रोक, म्हणजे अगदी थोड्या भागांचे. फोर-स्ट्रोक इंजिनात असणारे व्हॉल्व्ह आणि त्यांना हलवणारी यंत्रणा येथे नाही. पिस्टन वरखाली होतानाच सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो आणि मिटतो. त्यांतून मिश्रण आत येते आणि धूर बाहेर जातो. इंजिनातील वंगणासाठी निराळा पंप नाही, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे. ठिणगीसाठी बॅटरीही लागत नाही. फिरत्या मॅग्नेटोमधून वीज निर्माण होते. जेथे भाग कमी, तेथे बिघाडाच्या शक्यताही कमी. त्या बोटांवर मोजता येत असल्यामुळे सामान्य माणसाला पाठ होऊ शकत.

८/
हे यंत्र भारतात आले तेव्हा त्याला अगदी निराळे अर्थकारण भेटले. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि १९४८ पासून ती दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करू लागली. हीच पुढे बजाज ऑटो झाली. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९५० च्या दशकात लॅम्ब्रेटा ही दुसरी इटालियन स्कूटर जुळवण्यास प्रारंभ केला. १९५९ साली बजाजला दुचाकी व तीनचाकी निर्मितीचा सरकारी परवाना मिळाला. पियाज्जोशी करार होऊन १९६० च्या दशकाच्या प्रारंभी व्हेस्पा भारतात तयार होऊ लागली. पुण्याजवळचे आकुर्डी तिचे माहेर ठरले.

९/
त्या काळी कारखान्याने किती माल काढावा हे बाजार ठरवत नसे, सरकारी परवाना ठरवत असे. परवान्यात लिहिलेल्या संख्येपेक्षा अधिक उत्पादन करणे हा गुन्हा होता. स्कूटर कोणाला आणि कोणत्या क्रमाने द्यायची यावरही १९६० पासून सरकारी नियंत्रण आले. मागणी अफाट आणि पुरवठा बांधलेला. परिणामी नोंदणी केल्यावर स्कूटर हाती यायला कित्येक वर्षे लागत. लोकप्रिय गाड्यांसाठी ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत लांबल्याचे दाखले आहेत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र ती लवकर मिळे.

१०/
या टंचाईने एक विपरीत गोष्ट घडवली. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाऊ लागली, कारण नवी मिळण्यासाठी थांबावे लागे आणि जुनी आजच मिळे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात वस्तू वापरली की तिचे मोल घटते. येथे ते वाढत होते. नोकरी लागल्यावर नाव नोंदवायचे आणि मूल शाळेत जाऊ लागल्यावर गाडी घरी आणायची, अशा क्रमाने मिळालेली वस्तू कोणी मोडीत काढत नाही. ती बापाकडून लेकाकडे जाते. आणि जी वस्तू पंचवीस वर्षे चालवायची, ती समजून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

११/
१९७१ मध्ये पियाज्जोशी असलेला करार संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. १९७२ साली बजाजने ‘चेतक’ आणली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे आणि अंगलट व्हेस्पाची. १९७५ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी राज्य सरकारच्या महामंडळाच्या भागीदारीत उभी राहिली. तिची ‘प्रिया’ घरोघरी पोहोचली. पाठोपाठ ‘सुपर’ आली. चाकाचे माप, दिवा, गिअरची संख्या यांत फरक होत राहिले. मूळ आराखडा मात्र जवळजवळ तीन दशके तसाच राहिला. कंपनीवर स्पर्धेचा धाक नसल्याचे हे लक्षण होते. पण त्यामुळे एकदा शिकलेली दुरुस्ती कधी जुनी झाली नाही.

१२/
या विद्येची पूर्वतयारी सायकलीने करून ठेवली होती. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पंक्चर शोधण्यासाठी ट्यूब पाण्यात बुडवणे, ब्रेक आवळणे, बॉल-बेअरिंगला ग्रीस लावणे ही कामे शाळकरी पोरेही करत. सायकलीचे सर्व अवयव उघड्यावर असतात. पाहून शिकता येते. स्कूटरने त्यात दोन अदृश्य गोष्टींची भर घातली : आग आणि वीज. पाना धरण्याची सवय सायकलीने दिली. न दिसणाऱ्या कारणाचा तर्क करण्याची सवय स्कूटरने लावली.

१३/
त्या तर्काचा पहिला धडा म्हणजे प्लग. पेट्रोलमध्ये तेल मिसळलेले असल्याने ते पूर्ण जळत नाही, काजळी उरते. ती प्लगच्या टोकाशी साचली की ठिणगी पडत नाही आणि गाडी बंद. प्लगचा पाना लावून तो काढायचा, काजळी खरवडायची, पॉलिश पेपरने घासायचे, टोकांमधील फट साधारण ०.६ मिलिमीटर ठेवायची. माप घेण्याची पट्टी नसेल तर कोणी हॅक्सॉचे पाते सरकवून अंदाज घेई. मग प्लग टोपीत अडकवून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी दिसली की वीज शाबूत आहे, दोष दुसरीकडे.

१४/
प्लगचा रंगही बोलत असे. काळा आणि तेलकट निघाला तर पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढरट निघाला तर पेट्रोल कमी आणि इंजिन अवाजवी तापते आहे. कॉफीसारखा तपकिरी असेल तर सारे ठाकठीक. वैद्याने जीभ पाहावी तशी ही परीक्षा होती. इंजिनाच्या आत डोकावण्याचे कोणतेही साधन नसताना, आत काय घडते आहे याची साक्ष एका करंगळीएवढ्या वस्तूकडून काढायची. ज्यांनी रसायनशास्त्र कधी शिकले नाही, त्यांना ज्वलनाचा हा पहिला नियम अशा रीतीने हाताने कळला.

१५/
दुसरा धडा ‘पॉइंट’चा. ठिणगी योग्य क्षणी पडावी म्हणून मॅग्नेटोच्या आत दोन धातूचे बिंदू सतत जुळतात आणि विलग होतात. ते घासून झिजतात, त्यांवर काळा थर चढतो. फ्लायव्हीलला असलेल्या खिडकीतून ते दिसतात. चाक हाताने फिरवून बिंदू पूर्ण उघडेपर्यंत आणायचे, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा आणि फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसवायची. काम पाच-दहा मिनिटांचे. पण मन उतावीळ असेल तर दिवसभर पुरणारे. फट थोडी जरी चुकली तरी गाडी सुरू होते आणि चढावर दम टाकते.

१६/
तिसरा धडा पेट्रोलचा. ते टाकीतून कार्ब्युरेटरमध्ये केवळ उतारामुळे येते; पंप नाही. म्हणूनच भारतीय रस्त्यांवरचे ते जगप्रसिद्ध दृश्य घडले : बंद पडलेली स्कूटर एका अंगाला तिरकी करून पुन्हा उभी करणारा गृहस्थ. टाकीच्या कोपऱ्यात उरलेले पेट्रोल नळीच्या तोंडाशी यावे आणि कार्ब्युरेटरमधील पातळी हलून चार थेंब पुढे जावेत, एवढाच त्यामागचा हेतू. पाहणाऱ्याला तो टोटका वाटे. करणाऱ्याला मात्र द्रव पदार्थ उताराकडे धावतो एवढे भौतिकशास्त्र पुरेसे होते.

१७/
तेलाचे प्रमाण चुकले तर शिक्षा मोठी. साधारणपणे एक लिटर पेट्रोलला वीस मिलिलिटर तेल. कमी पडले तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जखडतो. जास्त झाले तर धूर आणि काजळी. ही काजळी हळूहळू सायलेन्सरमध्ये साचते, धुराची वाट अडते आणि गाडी ओढेनाशी होते. उपाय रांगडा होता. सायलेन्सर काढून तो आगीत चांगला तापवायचा, आतील तेलकट थर जाळायचा आणि ठोकून राख झाडायची. पिस्टनच्या माथ्यावरची आणि हेडच्या आतली काजळी मात्र बोथट पात्याने, धातूला ओरखडा न पाडता, खरवडावी लागे.

१८/
मग वायरी. क्लच, गिअर, ब्रेक, ॲक्सिलरेटर या सर्वांचे हुकूम हँडलपासून पोलादी वायरींतून जात. वायर एकदम तुटत नाही. आधी तिची एकेक तार सुटते आणि मूठ जड लागू लागते. जाणता मनुष्य हे ओळखून वायर आधीच बदले. नाही तर जादा वायर डिकीत बाळगे. भर रस्त्यात क्लचची वायर तुटली तर गाडी गिअरमध्ये ठेवून ढकलत सुरू करायची आणि क्लचविना घर गाठायचे, हे कौशल्यही कित्येकांनी मिळवले होते. डिकीत पाने, प्लग, वायर आणि फडके असणे हे त्या काळच्या शहाण्या स्वाराचे लक्षण मानले जाई.

१९/
घरच्या दुरुस्तीला एक सीमा होती आणि ती सर्वांना ठाऊक होती. फ्लायव्हील उपसायला खास पुलर लागतो, क्लचचा नट सोडवायला खास पाना लागतो. सिलिंडर झिजला तर तो लेथवर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. येथे मेस्त्रीचे राज्य सुरू होई. तोही बहुधा कोणा उस्तादाच्या हाताखाली लहानपणापासून राबून शिकलेला असे. प्रमाणपत्र क्वचितच, पण कान तयार. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत चोर बाजारात धुंडाळले जात. ज्या मालकाने स्वतः प्लग काढला आहे, त्याच्याशी मेस्त्री निराळ्या भाषेत बोले. बिघाड कोठे आहे याविषयी दोघांत चर्चा होऊ शके.

२०/
हाच या विद्येचा खरा गाभा होता. घरच्या दुरुस्तीने पैसे वाचत, हे खरे. त्याहून मोठी मिळकत म्हणजे ग्राहक अडाणी राहत नसे. कोणता भाग गेला, तो खरोखर बदलायला हवा की साफ केल्यास चालेल, याचा निवाडा त्याला स्वतः करता येई. पुस्तिका इंग्रजीत असे आणि ती फारसे कोणी वाचत नसे. ज्ञान शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, थोरल्या भावाकडून धाकट्याकडे, तोंडी आणि हातोहात जाई. म्हणूनच त्याची दप्तरे सापडत नाहीत. ग्रंथालयात शोधू गेल्यास हा इतिहास जवळपास नाहीच.

२१/
पण या अंगणाकडे केवळ जिव्हाळ्याने पाहून चालणार नाही. तेथे कोण बसले होते आणि कोण नव्हते? पाना आणून देण्यासाठी हाक मुलाला मारली जाई. मुलगी चहा आणून देई. जड गाडी स्टँडवर चढवणे, तिरकी करणे, सात-आठ किका मारणे, रस्त्यात प्लग काढणे, हे सारे ज्याला जमेल त्यानेच गाडी चालवावी असा अलिखित नियम होता. दुरुस्तीची विद्या ज्यांच्याकडे होती त्यांना तिने स्वावलंबी केले. ज्यांना ती कोणी शिकवली नाही, त्यांच्यासाठी तीच कुंपण ठरली. गिअरची स्कूटर चालवणाऱ्या स्त्रिया होत्या, पण थोड्या.

२२/
हे कुंपण मोडले ते दुरुस्तीची गरज कमी करणाऱ्या यंत्रांनी. १९७२ साली पुण्याच्या फिरोदिया परिवाराच्या कायनेटिक कंपनीने ‘लूना’ आणली. पन्नास सीसीची, हलकी, गिअर नसलेली. बंद पडलीच तर पॅडल मारत घरी नेता येणारी. १९८४ मध्ये कायनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर रस्त्यावर आली. किक मारण्याची परीक्षा संपली. पुण्याच्या रस्त्यांवर कॉलेजला, कचेरीला, बाजाराला स्वतःच्या गाडीवर जाणाऱ्या मुली आणि स्त्रिया दिसू लागल्या, त्यात या यंत्रांचा वाटा मोठा आहे.

२३/
दुसरा धक्का हवेने दिला. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येतानाच त्याचा काही अंश न जळता बाहेर निसटतो आणि तेलही धुरासोबत जाते. जी रचना दुरुस्तीला सोपी, तीच शहराच्या फुप्फुसांना जड. १९९१ पासून भारतात वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या. १९९६ आणि २००० मध्ये त्या कडक झाल्या. पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली. उत्पादनावरची परवान्याची बंधनेही एव्हाना सैल झाली होती. ग्राहकाला प्रतीक्षा उरली नाही आणि तो मोटरसायकलीकडे वळला. २००० च्या दशकाच्या मध्यास चेतकचे उत्पादन थांबले. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणेच बंद केले.

२४/
त्याच दशकात होंडाच्या ‘ॲक्टिव्हा’ने स्कूटरला पुन्हा घराघरांत नेले, पण ती निराळ्या जातीची स्कूटर होती. फोर-स्ट्रोक इंजिन, आपोआप बदलणारा वेग, बटणावर सुरुवात. ती महिनोन् महिने तक्रार करत नाही आणि म्हणूनच मालकाला काही शिकवतही नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. आता किती पेट्रोल सोडायचे हे एक लहानसा संगणक ठरवतो. बिघाड शोधायचा तर त्या संगणकाशी बोलणारे यंत्र लागते. पॉलिश पेपर आणि हॅक्सॉचे पाते तेथे उपयोगाचे नाही.

२५/
२०२० सालीच ‘चेतक’ हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने परतले. तिला प्लग नाही, पॉइंट नाही, सायलेन्सर नाही. अंगणात गोणपाट अंथरण्याचे कारणच उरलेले नाही. धूर नाही आणि कटकटही नाही, ही निःसंशय प्रगती आहे. परंतु टायर, ब्रेक, बेअरिंग आणि वायरी तिलाही आहेत. बॅटरी थकणार आहे, सर्किट बिघडणार आहे. म्हणजे दुरुस्तीची गरज संपलेली नाही. ती मालकाच्या हातातून आणि अनेकदा कोपऱ्यावरच्या मेस्त्रीच्याही हातातून निघून अधिकृत केंद्राकडे गेली आहे.

२६/
हा प्रश्न आता कायद्याच्या दारात पोहोचला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. उत्पादकांनी माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि निदानाची साधने ग्राहकाला व स्वतंत्र कारागिराला उपलब्ध करून द्यावीत, हा या मागणीचा आशय. अंगणातल्या त्या गृहस्थाला असा अधिकार मागावा लागला नव्हता. यंत्राची रचनाच त्याला तो देत होती.

२७/
या इतिहासात एक गंमतीची विसंगती आहे. दास्कानियो यांनी इंजिनावर झाकण घातले ते स्वाराचे हात आणि कपडे स्वच्छ राहावेत म्हणून. पोंतेदेरापासून हजारो किलोमीटर दूर, टंचाईच्या काळात, लाखो घरांनी तेच झाकण दर रविवारी उघडले आणि हात काळे करून घेतले. अभियंत्याने सोय दिली होती; लोकांनी तिच्यातून विद्या काढली. ती काही प्रमाणात नाइलाजाची विद्या होती, अर्ध्या घराला वगळणारी होती आणि तिच्या मागे निळा धूर होता.

२८/
म्हणून तो काळ परत यावा असे म्हणण्यात अर्थ नाही. दहा वर्षांची रांग कोणाला नको आहे, काजळीही नको आहे. जपावी अशी गोष्ट एकच : आपल्या मालकीची वस्तू उघडून पाहता येते, तिचा बिघाड आपल्या बुद्धीच्या आवाक्यात आहे, हा विश्वास. जुन्या घरांच्या माळ्यावर, गंजक्या डब्यात, अजूनही एखादा प्लगचा पाना सापडतो. ज्या घरात तो आहे, तेथे तो कोण वापरत असे, कोणाकडून शिकला आणि घरातल्या कोणाला तो कधी हातात मिळालाच नाही, हे विचारून लिहून ठेवायला हवे. सांगणारी माणसे अजून आहेत, तोवरच.